दोन पॉइंटांच्या मधली जागा

महाबळेश्वर हे पॉइंटांचं गाव. विल्सन, लॉडविक, बॅबिंग्टन, आर्थरसीट. साहेब जिथे जिथे दम खायला थांबला तिथे तिथे आपण रेलिंग ठोकलं आणि शेजारी मक्याचं कणीस भाजायला बसलो. सहकुटुंब सहल म्हणजे या पॉइंटांची हजेरी घेणं. गाडीतून उतरायचं, दरी बघायची, "केवढी खोल आहे नाही?" असं एकमेकांना विचारायचं, की पुन्हा गाडीत. माउंटन बाइकवाल्याची पंचाईत अशी, की त्याला पॉइंट नकोच असतो. त्याला दोन पॉइंटांच्या मधली जागा हवी असते, आणि ती टॅक्सीवाल्यांच्या दरपत्रकात कुठेच नसते.

सायकल गाडीच्या टपावर बांधून आम्ही पसरणी घाट चढलो. पाचगणीला चहाला थांबल्यावर बाबांनी तिची चौकशी सुरू केली.

"स्टँड?"

"नाही."

"मडगार्ड?"

"नसतं याला."

"घंटी?"

मी मान हलवली.

"एवढं सगळं काढून घेतलं, मग किमतीत काही कमी केलं का त्यांनी?"

मी त्यांना या सायकलीचं कुळ सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या दणकट सायकली घेऊन टॅमलपाइस डोंगराच्या बाजूच्या उतारांवरून खाली सुटायचे. १९७६ साली त्यांनी तिथे शर्यतच सुरू केली. उतार असा, की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. या पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीचं नाव 'रीपॅक' पडलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या मुलांच्या वडिलांचं यावर काय म्हणणं होतं?"

परदेशातल्या सायकल-वाटांना रंग असतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळ्या चौकटीची अवघड. आपल्याकडे मोबाइलमधला नकाशा असतो. त्यावर मला जंगलातून जाणारी एक सुंदर तुटक रेघ सापडली. पहाटे तिच्यामागे निघालो. अंजन, हिरडा, जांभूळ अशी बुटकी झाडं डोक्यावर इतकी दाट, की उपग्रहाला खालचं काय दिसणार? रेघ शेवटी खरोखरच तुटली, आणि जिथे तुटली तिथून खाली कोकण सुरू होत होतं.

त्यानंतर मी वाट माणसांना विचारायला लागलो, आणि लक्षात आलं की रंग आपल्याकडेही आहेत, फक्त ते माणसा-जनावरांच्या हिशोबात सांगतात. "बाया मोळी घेऊन येत्यात की तिकडनं" म्हणजे हिरवी. "गुरं जात्यात" म्हणजे निळी. "शेरडं जात्यात" म्हणजे काळी चौकट. आणि "आमचं बारकं पोरगं जातंय की पळत" असं कुणी म्हणालं, तर आभार मानून परत फिरावं.

यातली मोळीची वाट सर्वांत उत्तम, हे माझं ठाम मत आहे. वाटा बांधणारे जाणकार सांगतात की वाटेचा सरासरी चढ शेकडा दहाच्या आसपास ठेवावा, आणि डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाट जास्त उभी करू नये. नाहीतर पावसाचं पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच धावत सुटतं आणि दोन पावसाळ्यांत तिचा ओढा होतो. डोक्यावर ओझं असलेली बाई हे कुठलंही पुस्तक न वाचता करते. ती डोंगराला आडवी जाते, उगाच चढत नाही, चढलेलं उगाच उतरत नाही. अशा वाटेवर सायकल सोडली की ब्रेकना जवळपास सुट्टी.

सड्याची गोष्ट वेगळी. जांभा दगड वरून सपाट दिसतो, पण सायकलने त्यावरून जाताना प्रत्येक दात स्वतंत्रपणे आपली ओळख करून देतो. त्यावर उपाय म्हणजे टायरमधली हवा थोडी कमी करणं. मी रात्री ती मोजून कमी करून ठेवली. सकाळी चाकं दगडासारखी टणक. "पार बसली होती रे हवा," बाबा म्हणाले. गाडीच्या डिकीतला पंप घेऊन त्यांनी पहाटे साडेपाचलाच माझ्यावर उपकार केले होते.

पण खरी शोधायची असते ती वाट नव्हे, वेळ. घरच्यांच्या वेळापत्रकात कुठे फट आहे हे ज्याला कळलं त्याला अर्धा डोंगर कळला. हॉटेलच्या गिझरला गरम पाणी येईपर्यंतचा वेळ आपला. वेण्णा लेकवर बोटीची रांग आपली. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचं तीर्थ आत्याने डोळ्यांना लावेपर्यंत तर एक छोटी फेरी सहज होते. फक्त परत येताना दमलेलं दिसायचं नाही, नाहीतर बायको "तू सुट्टीवर आलायस की आमच्यापासून सुट्टी घ्यायला?" असं विचारते, आणि या प्रश्नाचं उत्तर अजून कुठल्याही सायकलवाल्याला सापडलेलं नाही.

वेण्णा लेकच्या फटीत मला घोडेवाला भेटला. मागून चाकांचा आवाज आला आणि त्याचं घोडं आडवं झालं. "घंटी न्हाय व्हय?" तो ओरडला. "जनावर बिथरतंय की!" अगदी रास्त बोलला. घोड्याला आधी वाट द्यावी, लांबूनच आवाज द्यावा, हा जगभरच्या डोंगरांत सायकलस्वारांचा पहिला नियम आहे. दुर्दैव इतकंच, की त्या घोड्यावर माझी मुलगी बसली होती आणि लगाम धरून शेजारून बाबा चालले होते. संध्याकाळी बाजारातली एकमेव घंटी विकत घेतली गेली. गुलाबी, मांजराच्या तोंडाची. बाबांनी ती स्वतःच्या हाताने बसवली.

सर्वांत मोठी फट मात्र भिलारला निघाली. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव. २०१७पासून इथल्या घराघरांत पुस्तकं मांडलेली, येईल त्याने बसून फुकट वाचावीत. बाबा ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या घरात शिरले, आत्या संतसाहित्याच्या, बायको दिवाळी अंकांत. मराठी माणूस फुकट वाचायला बसला की उठत नाही. मी हळूच सायकल उतरवली.

त्या दिवशी मिळालेली वाट कुठली हे मी सांगणार नाही. कंजूषपणा नव्हे. ती कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून जाते, आणि अॅपवर चढलेली वाट पुढच्या शनिवारी वाट राहत नाही. लाल माती, डोंगराला आडवी, मध्ये करवंदीच्या जाळ्या, दोन वळणं अशी की ओरडावंसं वाटलं. मी ओरडलो नाही, घंटी वाजवली. खाली वाट संपली ती थेट स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांपाशी. मालक कमरेवर हात ठेवून उभे.

"दादा, हिकडनं रस्ता न्हाय."

"आलो खरा."

"आलाय तर घिऊन जावा." आणि त्यांनी दोन किलोची पेटी माझ्या हातात दिली. पैसे घेताना मांजराकडे बघून हसले.

मोळीच्या वाटेने चढ चढताना ती पेटी सांभाळायची कशी याचं उत्तर मरिन काउंटीनेही दिलेलं नाही. जर्किनच्या आत घातली, चेन ओढली आणि निघालो. भिलारला पोचलो तेव्हा छातीवर लाल डाग बघून बायको किंचाळली. आत्या पुस्तकात बोट ठेवून बाहेर आली. तिने आधी पेटीत पाहिलं, मग सायकलीच्या मागे पाहिलं.

"कॅरियर असतं," ती म्हणाली, "तर पाच किलो आले असते."