काचेवरची पलटण

अमेरिकेत वाहन परवान्यावरच ‘माजी सैनिक’ छापून मिळतं. त्याआधी म्हणे सेवेचा कागद दाखवावा लागतो. केवढा हा अविश्वास! देवळालीच्या तोफखान्याचा शेजार लाभलेल्या नाशकात शौर्य हवेतच आहे. इथे ‘आर्मी’चं स्टिकर काचेवर लावलं की झाली भरती. मामेसासऱ्यांचे शेजारी फौजेत असले तरी पुरतं. टोलमाफीचा 1901चा कायदा निवृत्त सैनिकाला ओळखत नाही, पण स्टिकर शिंदे टोलनाक्यावर छाती काढून येतं. आता पेन्शनही काचेलाच द्यावी, आणि पदकं गाडीचं मॉडेल बघून.

खरे सुभेदार सीबीएसला सिटीलिंक बसची वाट बघत उभे असतात. खिशात ओळखपत्र. नोव्हेंबर आहे, पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला निघालेत.