गळतीप्रकरणी दर्शनांचा विनियोग

तत्त्वज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न जो कोणी विचारील त्याला प्रथम खानदेशातील अमळनेरची आठवण करून द्यावी. ज्यांना कापसाचा भाव आणि गिरणीचा जमाखर्च मुखोद्गत होता, त्या श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, विद्वानांच्या निवासाची व निर्वाहाची तजवीज केली आणि त्यांना वेदान्ताचे चिंतन करण्यास मोकळे सोडले. पुढे त्याच परिसरात वावरलेल्या मलकानी, दास आणि मूर्ती या तिघा पंडितांनी मिळून 'अज्ञान' या एकाच विषयावर एक संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला. गिरणीमालकासारखा हिशेबी माणूस ज्या शास्त्रावर पैसा खर्च करतो ते निरुपयोगी असेल, ही कल्पनाच मुळी अव्यवहारी आहे. तथापि अमळनेरास जाण्याइतकी सवड सर्वांनाच नसते, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका घेतलेल्या मनुष्याला तर तत्त्वचिंतनाची निकड घरबसल्याच उत्पन्न होते. सबब अशा गृहस्थांच्या सोयीसाठी, वरच्या मजल्यावरून होणारी गळती हे एकच प्रकरण घेऊन, दर्शनशास्त्राचा विनियोग कसा करावा याचे दिग्दर्शन येथे केले आहे.

प्रकरणाचा उगम सर्वत्र सारखाच असतो. न्हाणीघराच्या छताला, जेथे वरच्या बिऱ्हाडाची 'नहाणी ट्रॅप' असते त्याच्या बरोबर खाली, तळहाताएवढा पिवळट डाग दिसू लागतो. महिन्याभरात त्याची कड तपकिरी होते, रंग फुगतो, त्याचे पोपडे बादलीत पडतात, आणि आषाढ लागला की त्या ठिकाणी एक थेंब लोंबू लागतो, जो पडणार पडणार असे वाटत असता नेमका माणूस तोंडाला साबण लावून बसला म्हणजेच पडतो. अशा वेळी अडाणी मनुष्य टॉवेल गुंडाळून वर जातो आणि घंटा वाजवतो. हे सर्वस्वी अशास्त्रीय होय. प्रमाणाचा निश्चय झाल्यावाचून प्रमेयाकडे वळू नये.

वर जाण्यापूर्वी नैयायिकांचे पंचावयवी वाक्य तयार ठेवावे. 'माझे छत वरील न्हाणीच्या गळतीने बाधित आहे' ही प्रतिज्ञा. 'ओल असल्यामुळे' हा हेतू. 'जेथे जेथे अशी ओल तेथे तेथे वर गळती, जसे बी विंगमधील तळमजल्याचे छत' हे उदाहरण. 'हे छतही तसेच ओले आहे' हा उपनय. आणि 'तस्मात् आपली न्हाणी गळते' हे निगमन. पाचही अवयव जिन्यातच, दार उघडण्याच्या आत, एकदा म्हणून पाहावेत. कारण वरचे गृहस्थ बहुधा चार्वाकमतानुयायी निघतात. प्रत्यक्षावाचून त्यांना दुसरे प्रमाण मान्य नसते, आणि ज्या नळाचे प्रत्यक्ष व्हायचे तो भिंतीत असल्याने, प्रत्यक्षासाठी त्यांच्या लाद्या फोडाव्या लागतात, ज्याला त्यांची सक्त हरकत असते. क्वचित एखादा अधिक व्युत्पन्न असला तर तो आपल्या व्याप्तीत उपाधी काढतो. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हे अनुमान जसे ओल्या सरपणाच्या उपाधीमुळे ढासळते, तशीच 'ओल म्हणून न्हाणीची गळती' ही व्याप्तीही बाहेरच्या भिंतीला गेलेल्या तड्याच्या निमित्ताने ढासळवता येते, आणि मुंबई-कोकणच्या पावसात तडा नसलेली भिंत दाखवणे कोणाही वादीला शक्य नाही.

येथून प्रकरण कार्यकारणभावाकडे वळते. वरच्या गृहस्थांनी या वेळी सांख्यांचा सत्कार्यवाद स्वीकारणे हिताचे. कारण कार्य हे उत्पत्तीपूर्वीच कारणात अव्यक्त रूपाने विद्यमान असते असे मानले, की आजची गळती ही बिल्डरने ताबा दिला त्या दिवशीच नळात सूक्ष्मरूपाने नांदत होती असे सिद्ध होते आणि दुरुस्तीचा बोजा परस्पर बिल्डरकडे जातो, ज्याचा पत्ता संस्थेच्या दप्तरी नसतो. खालच्या गृहस्थांनी उलट न्यायमताला चिकटून राहावे: कार्य हे नव्याने आरंभले जाते, आणि गळतीचा आरंभ गेल्या दिवाळीत वरच्यांनी नवा शॉवर बसवला तेव्हा झाला. व्यवस्थापक समितीच्या सदस्यांनी मात्र या दोन्ही मतांपासून दूर राहून अन्यथासिद्धाचा आश्रय करावा. घटाच्या पूर्वी कुंभाराचा बाप असतो आणि माती वाहणारे गाढवही असते, परंतु त्यांना घटाचे कारण कोणी मानीत नाही. त्याचप्रमाणे समिती ही गळतीच्या पूर्वी असली तरी तिचे कारण नव्हे. मुद्दा निरुत्तर करणारा आहे. फक्त अध्यक्षांनी दृष्टान्त निवडताना खुल्या सभेत स्वतःसाठी कुंभाराचा बाप घ्यावा, गाढव घेऊ नये.

आता प्लंबर. या विषयात वैशेषिकांच्या सप्तम पदार्थाइतके साहाय्य दुसरे कोणतेही शास्त्र करू शकत नाही. कणादांनी सहा पदार्थ सांगितले. अभाव हा सातवा पदार्थ मागाहून दाखल झाला, आणि तो दाखल करून घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेमके कोणते कारागीर होते हे जाणण्याचे कुतूहल मला अनेक वर्षे आहे. अभाव चार प्रकारचा. 'निघालोच साहेब, संध्याकाळपर्यंत येतो' असे प्लंबर फोनवर सांगतो तो प्रागभाव. याला आदी नाही, परंतु अंत आहे अशी आशा असते, आणि तेवढ्यावर माणूस रजा काढून घरी बसतो. प्लंबर आला, त्याने ट्रॅपचे झाकण उघडले, आत बॅटरी मारून पाहिली, जिभेने 'च्च' असा आवाज केला, पाना तेथेच ठेवला आणि 'सामान घेऊन येतो' म्हणून गेला, तर तो प्रध्वंसाभाव. याला आदी आहे, अंत नाही. अननुभवी गृहिणी मागे राहिलेला पाना पाहून यालाही प्रागभावच समजते आणि दिवस फुकट घालवते, म्हणून हा भेद येथे मुद्दाम स्पष्ट केला. पहिल्याच दिवशी सांगितलेल्या खर्चात काम पुरे होणे याचा अत्यंताभाव आहे; तो त्रैकालिक असल्याने त्याविषयी शोक करू नये. आणि संस्थेचा प्लंबर म्हणजे आपला प्लंबर नव्हे, हा अन्योन्याभाव चिटणीस आपणहून समजावून देतात.

काही संस्थांत याहून गहन परिस्थिती उद्भवते. प्लंबर येताना कोणीही पाहिलेला नसतो, परंतु त्याचे बिल मात्र मंजूर होऊन ताळेबंदात बसलेले असते. येथे मीमांसकांची अर्थापत्ती लावावी. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ दिसतो त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे. तद्वत हा प्लंबर रात्री येत असला पाहिजे. खजिनदारांशी याहून अधिक खोलात जाऊन बोलणे शेजारधर्मास सोडून होईल.

बौद्धांच्या क्षणिकवादाचा आधार घेऊन मेंटेनन्सची थकबाकी नाकारण्याची युक्ती काहींनी करून पाहिली आहे. कर्ज करणारा क्षण निराळा आणि तगादा लावला जाणारा क्षण निराळा, हे तर्काला धरून असले तरी व्याजाची आकारणी संतानपरंपरेने होत असल्याने ती युक्ती टिकत नाही. अद्वैताचा उपयोग मात्र निःसंशय आहे. अज्ञान हे नुसता ज्ञानाचा अभाव नसून भावरूप आहे आणि त्याला आवरण व विक्षेप अशा दोन शक्ती आहेत, असे वेदान्ती म्हणतात. डागाकडे पाहून घरातल्या मुलांना त्यात श्रीलंकेचा नकाशा दिसतो ती विक्षेपशक्ती. आणि त्याखाली पीओपीचे खोटे छत ठोकून घेण्यात येते ती आवरणशक्ती. खोट्या छताला चौरस फुटाप्रमाणे दर पडतो, पण ज्ञानापेक्षा ते स्वस्त पडते.

इतके उपाय थकल्यावर प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेत येते. गणपूर्तीच्या अभावी, म्हणजे पुन्हा सप्तम पदार्थामुळेच, सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग त्याच गच्चीवर त्याच खुर्च्यांत गौतमांच्या न्यायसूत्रांतील बावीस निग्रहस्थानांचा जो साक्षात्कार होतो तो कोणत्याही पाठशाळेत होणे नाही. वरच्या गृहस्थांना न्हाणीविषयी विचारावे, तर ते 'आधी पार्किंगचं काय ते बोला!' असे म्हणतात, हे अर्थांतर. 'तुमची न्हाणी गळते' या आक्षेपावर 'आणि तुमच्या कुंड्यांचं पाणी पहिल्या मजल्यावर पडतं ते?' असा प्रतिप्रश्न आला, तर ती मतानुज्ञा होय, कारण दुसऱ्यावर तोच दोष लादताना स्वतःवरचा दोष कबूल केला जातो. अशा वेळी हर्षित न होता शांतपणे 'इतिवृत्तात नोंद घ्या' एवढेच म्हणावे. प्रश्न ऐकून चष्मा पुसत राहणे ही अप्रतिभा. आणि वाद ऐन रंगात आला असता 'अगं बाई, गॅसवर दूध ठेवलंय' असे सांगून उठून जाणे याला विक्षेप म्हणतात. कामाचे निमित्त सांगून कथा मध्येच तोडणे हे गौतमांनी पराभवाचे लक्षण मानले. आमच्या सभांत मात्र तसे उठून गेलेल्याचीच पुढील वर्षी समितीवर बिनविरोध निवड होते. स्वतःचे काहीही मत न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडीत राहणे ही वितंडा. तिच्यासाठी प्रत्येक इमारतीत एक सेवानिवृत्त सदस्य असतोच. त्याला दुखवू नये. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसा वितंडेचा उपयोग तत्त्वरक्षणासाठी आहे, असे खुद्द सूत्रकारांनीच म्हटले आहे, आणि दुरुस्ती निधीचे आजवर रक्षण झाले ते अशाच कुंपणामुळे.

राहता राहिला निर्णय. गौतमांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची जी गणना आहे, तीत निर्णय हा नववा असून वाद दहावा, जल्प अकरावा आणि वितंडा बारावी आहे, ही गोष्ट सभासद नेहमी विसरतात. सभेचे इतिवृत्त आदल्या रात्रीच लिहून ठेवणाऱ्या चिटणिसावर जो गहजब होतो तो त्यामुळेच. वास्तविक तो बिचारा सूत्रक्रमाबरहुकूम आधी निर्णय करून मग वादास अवसर देत असतो. चिटणिसांनी पुढीलप्रमाणे मसुदा करावा: 'गळतीच्या विषयावर साधकबाधक चर्चा होऊन, तज्ज्ञाचा अहवाल मागवावा व तोवर उभय सदस्यांनी सामंजस्याने वागावे, असे सर्वानुमते ठरले.' सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा कोरी ठेवावी, आणि ती नावे पेन्सिलीने भरावीत. शाईने भरल्यास सूचक दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरतो तेव्हाच आपले नाव कमी करण्याचा अर्ज चिटणिसांच्या हातात देतो.