कामून बसंना?

एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीला बसत नाही, असं कुणी म्हटलं की परभणीतल्या काही माणसांना तो आपल्या घराण्याचा अपमान वाटतो. असा माणूस बहुधा स्टेशन रोडच्या मागच्या एखाद्या बोळात सापडतो. पाटीवर 'कूलर, मिक्सर, पाण्याची मोटार दुरुस्त करून मिळेल' असं लिहिलेलं असतं, पण ते घरच्यांच्या समाधानासाठी. दुरुस्तीला आलेले मिक्सर रांगेत ताटकळत असतात आणि मामा डोळ्याला भिंग लावून कुठल्या तरी तीन तारांच्या टोकाकडे बघत बसलेला असतो. त्याला सगळं गाव मामा म्हणतं. सख्खे भाचे तेवढे हल्ली फिरकत नाहीत, कारण आले की त्यांना तारा धरून उभं राहावं लागतं.

पूर्वी हे वेड उरुसापुरतं होतं. फेब्रुवारीत दर्ग्याचा उरूस भरला की घरोघरी रिमोटच्या गाड्या यायच्या, आणि उरूस उठायच्या आत त्या मामाच्या टेबलावर असायच्या. मग वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून रोबोट आणि ड्रोनवर काम सुरू झालं, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हाती थर्माकोलची विमानं आली, आणि मामाचे दिवस फिरले. पोराकडे रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसिव्हर एका कंपनीचा, सर्व्हो दुसऱ्या कंपनीचा आणि स्पर्धा उद्या.

सर्व्हो म्हणजे विमानाचं शेपूट नाहीतर गाडीचं पुढचं चाक वळवणारी चिमुकली मोटार. नेहमीची लहान सर्व्हो ९ ग्रॅमची. तिला तीन तारा: प्लस, मायनस आणि सिग्नल. सिग्नल जवळपास सगळ्यांचा सारखाच. सेकंदाला ५० ठोके; ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की मोटार मधोमध उभी, आखूड झाला की एका अंगाला, लांबला की दुसऱ्या. पिनांमधलं अंतरही तेच, २.५४ मिलिमीटर. मग भांडण कशाचं? रंगाचं आणि प्लॅस्टिकचं. जपानच्या फुटाबाची सिग्नलची तार पांढरी, जपानच्याच जेआरची नारिंगी, कोरियाच्या हायटेकची पिवळी. त्यात फुटाबाच्या प्लगला एका बाजूला बारीक कड. प्लग उलटा जाऊ नये म्हणून ती ठेवलेली, पण तीच त्याला जेआरच्या घरात शिरू देत नाही. मामाच्या भाषेत हा कंपनीचा माज.

"मामा, बसंल का हे?"

"बसंल की. कामून बसंना?"

मग ब्लेड निघतं. मामा प्लग अंगठ्यात आणि बोटात धरतो आणि कड एकदम न उडवता पातळ पातळ छिलत जातो. मधेच फुंकर मारतो, भिंगाखाली बघतो, छिललेल्या जागेवरून नख फिरवतो. आतल्या पिना उघड्या पडल्या तर प्लग गेलाच. सगळं सपाट झालं की मायनसच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका देतो, कारण कड गेली की प्लग उलटाही जातो. नेलपॉलिश मामीची. बाटली कुठं गेली हे मामीला माहीत असतं; तिनं विचारणं सोडलंय.

उलटा गेला तर काय, यावर मामाचं व्याख्यान आहे आणि ते ऐकल्याशिवाय प्लग हातात मिळत नाही. त्याचा सिद्धांत सोयरिकीचा. मुलाकडचे आणि मुलीकडचे कितीही जागा बदलून बसू देत, मधला माणूस हलला नाही तर लग्न मोडत नाही. फुटाबा, जेआर, हायटेक, तिघांनीही प्लसची लाल तार मधोमध ठेवलेली. त्यामुळे प्लग उलटा खोचला तर सिग्नल आणि मायनसची अदलाबदल होते; सर्व्हो हलत नाही, पण सहसा जळतही नाही. "घातकी तो जुना एअरट्रॉनिक्स," मामा आवाज खाली आणतो. त्यात मायनस मधे आणि प्लस कडेला. तो तसाच दुसऱ्याच्या रिसिव्हरात घातला की धुराची पाळी. तिथं ब्लेड चालत नाही. टाचणीनं प्लगची बारीक जीभ उचलायची, पिन तारेसकट मागं ओढायची आणि प्लस-मायनसच्या जागा बदलून पुन्हा आत सरकवायची. परभणीत जुना एअरट्रॉनिक्स कुणी आणल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, पण ताकीद प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळते.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे मामा अगदी गंभीरपणे घेतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दुसरी म्हण मात्र त्याच्या दुकानात काढायची नाही.

इतक्या जोडाजोडीच्या माणसाचा तारांच्या रंगांवर काडीचा विश्वास नाही, हे विशेष. स्वस्तातल्या मालात कोण कुठली तार लावील सांगता येत नाही म्हणतो आणि मल्टिमीटर लावल्याशिवाय पुढं जात नाही. व्होल्टेजच्या बाबतीत तर त्याच्याइतका सोवळा माणूस नाही. ६ व्होल्टच्या सर्व्होला एखादा पोरगा ७.४ व्होल्टची लिपो बॅटरी थेट लावायला निघाला, तर मामा ती हातातून काढूनच घेतो. "प्लग बसतोय रे, पण मागून मोटारपण बसती."

या सगळ्याचे तो दहा रुपये घेतो आणि पोरांना चहा पाजतो वीस रुपयांचा. वर, न विचारता, शेजारच्या दुकानदाराच्या लँडलाइनला मोबाइलचा चार्जर कसा जोडता येईल हेही सांगून येतो. जपान-कोरियाच्या कंपन्यांचा धंदा अशा माणसामुळं बुडत नाही. बुडालाच तर त्याचा स्वतःचा.

कुणाला त्याच्याकडे जायचं असेल तर रिसिव्हर, सर्व्हो आणि बॅटरी तिन्ही घेऊन जा. नुसता प्लग नेलात तर तो परत पाठवतो. आणि मिक्सर बिघडला असेल तर कृपा करून दुसरीकडे टाका.