हजर, पण झोपलेला

मस्टरकाका लंडनहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आमच्या कट्ट्याला बातमी कळली की, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला सिंह बुधवारी दुपारी सव्वाबारा वाजता कामावर झोपलेला होता.

"पाय वर करून," काका म्हणाले. "आणि सहकुटुंब!"

लोक लंडनहून चॉकलेटं आणतात. काकांनी पुराव्यादाखल वही काढली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, पट्टीने आखलेले चार रकाने: नाव, हजर, गैरहजर, शेरा. उघडलेल्या पानावर सिंह. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'हजर, पण झोपलेला. तोंडी समज देणे शक्य झाले नाही.'

मस्टरकाका तुम्हाला माहीत आहेत. त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही. तुमच्या सोसायटीत ते वेगळ्या नावाने राहतात. आमच्या काकांनी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत मस्टर सांभाळलं. दहा वाजून दहा मिनिटांनी लाल शाईची रेघ. रेघेखाली सही करील त्याला लेटमार्क, तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा खलास. साहेबसुद्धा जिना धावत चढायचे म्हणे. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना घड्याळ भेट दिलं. इतक्या वर्षांचा छळ सोसून माणसं पुन्हा तीच चूक कशी करतात, कळत नाही.

कारण मस्टर कचेरीत राहिलं, काका मात्र सुटले. लग्नात अक्षता पडायच्या आधी ते मुलीकडच्या रांगा मोजतात. सत्यनारायणाला प्रसादाच्या वेळी उगवणाऱ्यांना 'दुपारनंतर हजर' म्हणतात. परवा वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही एका स्नेह्यांना पोचवायला जमलो होतो. सातची वेळ, माणसं साडेसातपर्यंत येत होती. काका घड्याळ बघून माझ्या कानाशी म्हणाले, "ज्याला घाई नव्हती, तो एकटाच वेळेवर आलाय."

माझा त्यांच्यावर जुना राग आहे, तोही सांगून टाकतो. गेल्या ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला. कट्ट्यावरचे झाडून सगळे येऊन गेले. कुणी शहाळं आणलं, कुणी पपईच्या पानांचा रस आणून तो प्यायला लावला. काका तेवढे फिरकले नाहीत. बरा होऊन कट्ट्यावर गेलो, तर त्यांनी वर बघून एवढंच म्हटलं, "अकरा दिवस."

तर अशा माणसाला त्याच्या चिरंजीवांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एकटं पाठवलं.

चिरंजीव हॅरोला राहतात, घरूनच काम करतात. बुधवारी म्हणाले, "बाबा, आज दिवसभर माझे कॉल आहेत. तुम्ही झू बघून या ना." सूनबाईंनी डबा दिला, नातवाने रस्ता लिहून दिला: मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट, तिथून 274 नंबरची बस. काका निघाले. जाताना त्यांना आठवलं की हेच चिरंजीव सात वर्षांचे असताना पेशवे पार्कात जायचं म्हणून हटून बसले होते, तेव्हा आपण त्यांना मामाबरोबर पाठवलं होतं. "कारण मी," काका अभिमानाने म्हणाले, "ऐन मार्चअखेरीला रजा काढणाऱ्यातला नाही."

प्राणिसंग्रहालयाबद्दल त्यांचं पहिलं मत चांगलं झालं होतं. 1828 सालचं, म्हणजे जुनी आस्थापना. पहिली 19 वर्षं सर्वसामान्यांना प्रवेशच नव्हता, तो 1847 साली मिळाला, हे वाचून तर त्यांना घरच्यासारखं वाटलं. फाटकाजवळ गाय नावाच्या गोरिलाचा ब्राँझचा पुतळा आहे. हा गाय 1947 साली तिथे आला आणि 1978 साली गेला. काकांनी त्याच्यापुढे खूण केली: हजर. दिवसभरातली ही सगळ्यांत निःसंशय नोंद.

तिथून पुढे घसरण.

वाघ सुमात्राचा. तो झुडपामागे होता. काका पंचवीस मिनिटं काचेला नाक लावून उभे राहिले, तेव्हा पाठ आणि निम्मं शेपूट दिसलं. आता हे हजर की गैरहजर? काकांनी अनुभवाने मार्ग काढला: 'अर्धा दिवस.'

मग हत्ती. हत्तीची इमारत सापडली, भली मोठी, काँक्रीटची. हत्ती नाही. फिरत्या स्वयंसेविकेला विचारलं, तर ती म्हणाली, हत्ती 2001 सालीच व्हिप्सनेडला हलवले. "म्हणजे बदली!" काका आम्हाला म्हणाले. "आणि कार्यालय अजून अडवून ठेवलंय." पेंग्विनांची तीच कथा. त्यांच्यासाठी 1934 साली बांधलेला पांढराशुभ्र, वळणदार उतारांचा तलाव वास्तुकलेचा नमुना म्हणून जगभर नावाजलेला. पण काँक्रीटवर चालून पेंग्विनांचे पाय दुखावायला लागले आणि 2004 साली त्यांना तिथून काढलं. इमारत संरक्षित वारसा, त्यामुळे पाडता येत नाही, आणि पेंग्विनांना सोसत नाही, त्यामुळे वापरता येत नाही. "अशा इमारती मी खूप पाहिल्यात," काका म्हणाले. "फक्त तिथे माणसं बसवतात."

हल्लीचे पेंग्विन पलीकडे वाळूच्या किनाऱ्यावर सापडले. हम्बोल्ट जातीचे. काकांनी पाटी दोनदा वाचली. हेच हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याला राणीच्या बागेत आहेत. मेव्हण्याकडे गेले असताना काकांनी त्यांची हजेरी घेतलेलीही होती. शेरा: 'हे आपलेच.'

पक्ष्यांसाठी 1960 च्या दशकात उभारलेल्या उंच जाळीच्या मनोऱ्यात 2022 पासून कोलोबस माकडं आहेत. 'पक्ष्यांच्या रिक्त जागांवर माकडांची नेमणूक. पद्धत परिचित.' निशाचर प्राण्यांच्या दालनात दिवसा अंधार करतात आणि रात्री दिवे लावतात, म्हणजे प्राण्यांना दिवसच रात्र वाटते आणि ते पाहुण्यांच्या वेळेत जागे राहतात. रात्रपाळीच्या लोकांना दिवसपाळीत दाखवायची ही युक्ती आपल्याला तेहतीस वर्षांत सुचली नाही, याचं काकांना मनापासून वाईट वाटलं. एक जिराफ तेवढे चोख निघाले. 1830 च्या दशकात बांधलेल्या त्यांच्या घरात तेव्हाही जिराफच राहत होते. 'पूर्ण हजर. मान वर.'

आणि मग सिंह.

सिंहाच्या विभागाचं उद्घाटन 2016 साली खुद्द राणी एलिझाबेथ यांनी केलं होतं. काका ताठ होऊन आत शिरले आणि थबकले. समोर देवनागरी आणि गुजराती पाट्या असाव्यात असा बाजार, रेल्वे स्टेशन, स्टेशनावर नाव सासण गीर. आशियाई सिंह रानात फक्त गुजरातेत उरलाय, म्हणून लंडनवाल्यांनी सिंहाबरोबर गुजरातही आणून ठेवलाय. एका बाजूला चक्क रिक्षा.

"कशी होती?" आम्ही विचारलं.

"पुण्यासारखीच," काका म्हणाले. "उभी, रिकामी आणि यायला तयार नाही."

त्या स्टेशनासमोर बसून त्यांनी डबा उघडला. हॅरोहून निघालेला माणूस सासण गीरला बसून थालीपीठ खातोय, वरून लंडनचा पाऊस भुरभुरतोय आणि पलीकडे सिंह पोट वर करून पडलाय. सिंह दिवसाकाठी 16 ते 20 तास झोपून काढतात, असं काकांना कळलं. "म्हणजे ड्यूटी चार तासांची. आणि तीही रात्री!" त्यांच्या पायाशी एक करडी खार आली, दोन पायांवर उभी राहिली आणि थालीपीठाचा तुकडा घेऊन गेली. मग दुसरी आली. मग कबुतरं. यांतलं कुणीही प्राणिसंग्रहालयाच्या यादीवर नाही. काकांनी स्वतंत्र ओळ आखली: 'खार 2, कबुतरे 9. रोजंदारीवर. दिवसभरात मनापासून काम करताना एवढीच दिसली.'

मघाची स्वयंसेविका पुन्हा तिथे आली. काकांनी त्यांच्या इंग्रजीत तक्रार मांडली की, निम्मे प्राणी दिसतच नाहीत. ती हसली. म्हणाली, लपायच्या जागा आम्ही मुद्दाम ठेवतो. आपण दिसायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

काका अवाक. "रजेचा अर्जसुद्धा नाही!" पेशवे पार्कात असं नव्हतं. तिथे पिंजऱ्यापाशी गेलं की वाघ हजर म्हणजे हजर. जाणार कुठे? आता ते प्राणीही कात्रजला मोकळ्या जागेत गेले, पार्कात फुलराणी नावाची छोटी आगगाडी तेवढी फेऱ्या मारते.

पण जाता जाता त्या बाईने एक गोष्ट सांगितली आणि काकांचा दिवस तरला. दर जानेवारीत तिथे सगळ्या प्राण्यांची मोजणी होते. रक्षक हातात फळ्या-कागद घेऊन पिंजऱ्या-पिंजऱ्यांतून फिरतात, पेंग्विन मोजतात, मासे मोजतात, कोळी मोजतात. प्राणिसंग्रहालयाच्या परवान्यासाठी ते बंधनकारकच आहे. मुंग्यांची मात्र अख्खी वसाहत मिळून एक आकडा.

"मस्टर!" काका आम्हाला सांगताना बाकावरून अर्धे उठले. "त्यांच्याकडेही मस्टर आहे! मुंग्यांची एकत्रित हजेरी घेतात, ते मला पटलं नाही, पण पद्धत आहे!" त्या रात्री त्यांनी घरी विचारलं, जानेवारीपर्यंत राहिलो तर चालेल का? सूनबाईंनी हातातला कप खाली ठेवला. विषय संपला.

"यावर लिहा काहीतरी. तुम्ही रिकामेच असता," असं म्हणून काकांनी वही माझ्या हातात दिली. परदेशातला एक वाया गेलेला दिवस, त्यावर चिडलेला निवृत्त कारकून. मी मनातल्या मनात लेखाचं शीर्षकही ठरवलं.

प्राणिसंग्रहालयाची पानं साडेतीनच निघाली. त्याच्या आगेमागे हॅरोचं घर होतं. तेच चार रकाने, तीच पट्टी.

'3 जुलै. चिरंजीव: हजर (वरची खोली, दार बंद). सूनबाई: हजर (कानात यंत्र). नातू: शाळा.'

'4 जुलै. चिरंजीव: जिन्यात दिसले. अर्धा दिवस.'

'9 जुलै. चिरंजीव: हजर, पण झोपलेला (सोफा). पांघरूण घातले.'

असे बेचाळीस दिवस. तक्रारीचा शब्द कुठेही नाही. लपायच्या जागा मुद्दाम ठेवतात, हे त्यांना बहुधा त्या बाईंच्या आधीच कळलेलं होतं. सबंध मुक्कामात एकाच रविवारी तिन्ही नावांपुढे पूर्ण खूण आहे आणि शेरा आहे: 'पिठलं. सर्वांनी दोनदा घेतलं.' खालची रेघ लाल शाईची, पण ती दोनदा मारलेली, जशी आपण लग्नपत्रिकेत मुहूर्ताखाली मारतो.

वही उलटी केली. मागच्या बाजूने आमचा कट्टा सुरू होत होता. सहा नावं, दोन वर्षांची हजेरी. मी जरा घाईनेच ऑक्टोबर काढला. अकरा दिवस लाल असणार, हे धरूनच चाललो होतो.

लाल नव्हते. माझ्या नावापुढे अकराही दिवस निळ्या शाईत लिहिलं होतं: 'वैद्यकीय रजा. मंजूर.' मी काही अर्ज दिला नव्हता.

सातव्या दिवसापुढे बारीक अक्षरात शेरा होता: 'गॅलरीत दिसले. अर्धे.' नवव्या दिवशी: 'गॅलरीत दिसले. पूर्ण. चहा पीत होते.'

काकांचं घर कट्ट्याच्या या टोकाला, माझं त्या टोकाला, मध्ये एक चढ. माझ्या गॅलरीसमोर फक्त एक चिंचेचं झाड आहे आणि त्याखाली इस्त्रीवाल्याची गाडी. त्या गाडीआड छत्रीचा आधार घेऊन उभा असलेला, काचेला नाक लावल्यासारखा वर बघणारा माणूस मला त्या अकरा दिवसांत एकदाही दिसला नव्हता. माझ्या वहीत तो गैरहजर होता.

आज वही परत करायला गेलो, तोवर सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. काकांनी घड्याळ पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दहा मिनिटं," ते म्हणाले, आणि बाकावर सरकले.