कोजागिरीला चंद्राकडे पाठ!

कुणाला सांगू नका, पण २०२४ च्या कोजागिरीला, म्हणजे १६ ऑक्टोबरला, आमच्या चंद्रपुरात चांगल्या घरच्या माणसांनी चंद्राला शिव्या घातल्या. माझ्या डोळ्यांदेखत! गच्चीवर दूध आटतंय, चारोळ्या पडल्यात, पूर्वेला वाटोळा चंद्र वर येतोय आणि ही मंडळी त्याला पाठ दाखवून पश्चिमेकडे तोंड करून उभी. शेजारचे भाऊजी तर चक्क म्हणाले, "याला आजच उगवायचं होतं का बे!" आता कोजागिरीला नाही उगवायचं तर काय पोळ्याला उगवायचं?

सगळं खूळ त्या धूमकेतूचं. नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलस. चीनमधली जांभळ्या पर्वतावरची वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतली अ‍ॅटलस दुर्बीण अशा दोघांनी २०२३ मध्ये हुडकला, म्हणून दुहेरी आडनाव. आमच्या गल्लीत त्याची पहिल्या दिवशी सुचितशान झाली, चौथ्या दिवशी नुसती सुचिता. "सुचिता दिसली का?" असं नवरे एकमेकांना फोनवर विचारू लागल्यावर दोन घरांत अबोला धरला गेला, तो उगाच नाही.

आणि मुहूर्त बघा. २७ सप्टेंबरला हा सूर्याच्या सगळ्यात जवळ गेला, त्या दिवसांत दिसायचा पहाटे. म्हणजे ऐन पितृपक्षात! सासूबाई म्हणाल्या, "शेंडेनक्षत्र, तेही पितरांच्या पंधरवड्यात, आणि तुम्ही त्याला बघायला चार वाजता उठता? दूध आणायला सहाला तरी उठले का कधी?" नारळीकरांच्या 'धूमकेतू' कथेतल्या नायकाची बायको आठवली. नवऱ्याने धूमकेतू शोधला म्हणून त्या माउलीला केवढा घोर! आमच्यांनी काही शोधलं नव्हतं. चष्मासुद्धा मलाच शोधून द्यावा लागत होता.

या नादाचं खापर फोडायचंच तर २०२२ च्या गुढीपाडव्यावर फोडा. २ एप्रिलच्या संध्याकाळी आभाळातून जळत्या ठिणग्यांची माळ सरकत गेली. कोणी धूमकेतू म्हणालं, कोणी उल्का, आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. बैलगाडीचं चाक लहान दिसावं एवढं. जाणकारांनी ते चिनी रॉकेटचं ठरवलं. पण तेव्हापासून आमच्या लोकांची पक्की समजूत, की वरून जे काही यायचं ते आपल्याच जिल्ह्यात येणार आणि कॅमेरा तयार पाहिजे.

तर कॅमेरे तयार झाले. फ्रिजचा हप्ता थकलाय, पण तिपाई आली. जेवताना घास हातात ठेवून चर्चा कसली? आयएसओ १६०० की ३२००. बटण बोटाने दाबायचं नाही, फोटो हलतो, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. ५० मिमीच्या लेन्सला दहा सेकंदांच्या वर जायचं नाही, पृथ्वी फिरते म्हणून तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट येतात. हे सगळं मला पाठ झालंय, बाप्पा, कारण रोज वरणाबरोबर वाढलं जायचं.

पहाटेचा धूमकेतू संध्याकाळी दिसू लागल्यावर पहिली मोहीम निघाली इरई धरणाच्या बाजूला. ज्या रस्त्याने दिवस मावळल्यावर वाघाच्या भीतीने गुराखी गुरं नेत नाहीत, तिथे ही पाच माणसं तिपाया रोवून उभी! शुक्राच्या उजवीकडे, थोडं वर, असा पत्ता होता. वीजकेंद्राच्या उजेडाने खालचं आभाळ पिवळट झालेलं. कुणाच्या तरी बॅटरीच्या झोतात झुडपाशी दोन डोळे चमकले. पाचही जण एका दाराने एकाच गाडीत शिरले, कॅमेरे बाहेर, शटर उघडं. डोळे निघाले कुत्र्याचे. त्या फोटोतला जो लालभडक पिसारा नंतर मोबाइलवरून गावभर फिरला आणि ज्याला सगळ्यांनी हात जोडले, तो आमच्या गाडीच्या मागच्या दिव्याचा आहे. मी अजून कुणाला बोलले नाही.

भामरागडला माझा मामेभाऊ मास्तर आहे. त्या संध्याकाळी तिकडे लाइन गेली होती. तो अंगणात बाजेवर पडला, समोर बघितलं, तर हे एवढं शेपूट उभं. मोबाइल तांदळाच्या पोत्याला टेकवून त्याने एक फोटो काढला आणि पाठवून दिला, खाली लिहिलं: "ताई, हेच का ते?" आमच्याकडे तो फोटो कुणी कुणाला दाखवला नाही. भाऊजींनी तर मास्तरच्या मोबाइलची किंमत विचारून घेतली आणि कॅमेऱ्याची पिशवी दोन दिवस उघडली नाही.

आतली गोष्ट सांगू? नुसत्या डोळ्यांनी आमच्या गच्चीवरून काय दिसत होतं, तर फळ्यावरचा खडू बोटाने पुसल्यासारखा एक डाग. शेपूट यायचं ते फोटोत. चार सेकंदांचा उजेड कॅमेरा साठवतो, आपले डोळे साठवत नाहीत. म्हणून सगळे आधी मोबाइलमध्ये बघायचे, मग वर बघून "हो, हो, दिसला!" म्हणायचे. मीही म्हटलं. परत यायला ऐंशी हजार वर्षं लागतील अशी बातमी होती, कदाचित येणारही नाही म्हणे. कोण खोटं ठरवायला येतंय?

वाटलं, सुटलो. कसलं काय! २०२५ च्या दिवाळीत दुसरा हजर, लेमन नावाचा. पृथ्वीच्या सगळ्यात जवळ कधी यावा? २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी! अमावास्या, म्हणून या वेळी शिव्या खायला चंद्र नव्हता. तर आमच्यांची मजल कुठवर गेली? सासूबाईंनी गच्चीच्या कठड्यावर पणत्या मांडल्या आणि हे म्हणाले, "आई, जरा विझव ना, उजेड येतो."

लक्ष्मीपूजनाला! पणत्या!

मी तर भिंतीलाच टेकले. सासूबाईंनी एकदा लेकाकडे बघितलं, पणत्या विझवल्या नाहीत, एकेक उचलून पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवल्या. मग म्हणाल्या, "दे ती दुर्बीण. बघू तरी काय एवढं." वायव्येकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खाली फटाक्यांचा धूर, वर एक हिरवट पुसटसा ठिपका. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हे मागून म्हणाले, "आई, मला दे ना आता."

"थांब रे," त्या म्हणाल्या, "आणि पुढ्यातून सरक, हलतं."