असू दे!

आमच्या घरी प्रवासाची बॅग भरताना दोनच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतात. शाल घेऊ? असू दे. आणखी एक स्वेटर? असू दे. कोणी जेवायला बोलावलंच तर एखादी बरी साडी? असू दे. पस्तीस वर्षं हे दोन शब्द मी बायकोच्या नावावर खपवत आलो. गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडात त्यांचं वजन झालं आणि माझं बिंग फुटलं.

लेक लीड्सला असते. तिने आणि जावयाने चौघांना झोपता येईल अशी जुनी कॅरव्हॅन घेतली होती. लेकीकडे गेलात की लेक डिस्ट्रिक्ट बघायलाच हवा, हा जावयाचा विनोद. मराठी त्याला तेवढीच येते. मोटारीमागे बिऱ्हाड जोडायचं आणि आठ दिवस हिंडायचं. मी खूश. घरच पाठीशी आहे म्हटल्यावर बॅग भरायला हात आखडायचा कशाला?

लेकीने मला कॅरव्हॅनच्या दाराशी नेऊन एक छोटी पाटी दाखवली. भरलेल्या गाडीचं वजन किती चालेल, तो आकडा त्यावर होता. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की आपल्याला उरतात दीडशे किलो. ‘‘दीडशे? भरपूर झालं की!’’ मी म्हणालो. मग तिने यादी वाचली. दारापुढे उभारायची तंबूची पडवी, घडीच्या खुर्च्या, भांडीकुंडी, अंथरुणं-पांघरुणं, शिधा. ‘‘बाबा, कपडे माणशी आठ किलो. त्यावर एक रुमालसुद्धा नाही.’’

न्हाणीघरातला वजनकाटा आणला. माझी बॅग सतरा किलो भरली. हिचं सामान सात. माझ्या बॅगेतून एकेक ऐवज बाहेर निघू लागला : लग्नकार्याचा कोट, दोन टाय, चामड्याचे बूट, माकडटोपी. ‘‘कोट कशाला, अहो?’’ हिने विचारलं. काय सांगणार? कुठल्याशा तळ्याकाठी कोणी अचानक सत्कार केलाच तर, असं मनात होतं. आपण कपडे भरतो ते स्वतःसाठी नसतातच. जो पाऊस पडणार नाही, जे आमंत्रण येणार नाही, त्यांच्यासाठी ते असतात.

आणि बॅग रिकामी केली तरी ती चार किलोंची होतीच. शिवाय कॅरव्हॅनमध्ये रिकामी बॅग ठेवणार कुठे? हिचं सामान मात्र होतं बोचक्यात. आईच्या जुन्या नऊवारीत बांधलेलं, चार टोकांच्या दोन गाठी. सोडलं की बोचकं नाहीसं होतं आणि उरतं लुगडं. पडशी, गाठोडं, वळकटी यांची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली शिकवण मी चाकं लावलेल्या बॅगेपायी विसरलो होतो.

वजन जमलं तरी रचना उरतेच. जड ते खाली, जमिनीलगत, चाकांच्या आसाजवळ. हलकं ते वरच्या फडताळात. मागच्या टोकाला भार पडला तर गाडी मोटारीमागे शेपूट हलवू लागते. म्हणून बूट आसाजवळ आणि बनियन डोक्यावर. मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर जायचं नाही, सगळ्यांत उजव्या लेनमध्ये शिरायचं नाही, अशा सोवळ्याने आम्ही केझिकला पोचलो. कपाट उघडलं, तर हँगर दांडीवरून उडालेले आणि सगळ्यांचे शर्ट तळाशी एकमेकांच्या गळ्यात पडलेले. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी तोडगा सांगितला : हँगरच्या माना रबरबँडने एकत्र बांधा.

कॅरव्हॅनमधून हौसेने हिंडण्याची चाल पाडली ती गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश माणसाने. आरमारातला निवृत्त डॉक्टर. १८८५ साली त्याने ब्रिस्टलमध्ये ‘वाँडरर’ नावाची लाकडी गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो उत्तरेकडे निघाला. बरोबर गाडीवान होता, आणि खास सेवकही. तो तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का बघे. सेवक असल्यावर कपड्यांची चिंता कोण करतो? आमच्याकडे ते पद रिकामं होतं. पहिल्याच संध्याकाळी ते मला मिळालं.

कारण पाऊस. केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेलच्या खोऱ्यात सीथवेट नावाची वाडी आहे. इंग्लंडातली सर्वांत जास्त पावसाची वस्ती म्हणून तिचं नाव. वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर, असं जावयाने अदबीने सांगितलं. माझं बालपण रत्नागिरीतलं. एवढा तर आमच्याकडे चार महिन्यांत उरकतो, आणि आंबोली त्याच्या दुप्पट, असं मी सांगितलं खरं. पण सांगताना माझे मोजे पिळत होतो.

पत्र्याच्या त्या पेटीत पाच माणसांचा श्वास (नातू धरून), वर चहाची वाफ. रात्री भिंतींना घाम फुटतो. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठासलेले कपडे दोन दिवसांत कुबट होतात. म्हणून फडताळ कधी गच्च भरायचं नाही, मागे बोटभर जागा सोडायची, झरोके बुजवायचे नाहीत. ओले रेनकोट टांगायचे न्हाणीत. आठ दिवसांत तिथे आंघोळ फक्त रेनकोटांची झाली. आम्ही तळावरच्या सार्वजनिक न्हाणीघराकडे रांगेने जात होतो. घरी पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून आजी लंगोट वाळवायची. तो धुरकट, उबदार वास मला केझिकमध्ये फार आठवला.

लुगड्याचं मात्र रोज नवं काम निघे. रात्री आमच्या आणि लेकीच्या बिछान्यांमधला पडदा, दुपारी नातवाचा तंबू, गाडी निघाली की ताटल्या खडखडू नयेत म्हणून मधे कोंबलेली गादी. माझा कोट लीड्सच्या कपाटात घडी न मोडता आठ दिवस वाट बघत होता.

पुण्याला परतायची बॅग भरताना तो पुन्हा हातात आला. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. शेवटी विचारलं, ‘‘हा इथेच राहिला तर?’’

लुगड्याच्या टोकाला गाठ मारता मारता, वर न बघता ही म्हणाली, ‘‘असू दे.’’