काकूंची पसंती

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या काकू कादंबरी वाचत नाहीत, तिचं स्थळ बघतात. लायब्ररीच्या काउंटरवर पुस्तक हातात आलं की आधी मलपृष्ठ. तिथे 'मानवी नातेसंबंधांचा तरल वेध' असं काही छापलेलं दिसलं, की चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "म्हणजे घटस्फोट कितव्या पानावर?" काउंटरवरचा मुलगा आता सरावलाय. तो अंदाजे आकडा सांगतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

अशा काकू वाचनालयागणिक असतात. पुण्यात नगर वाचन मंदिरात असतील, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयात. ते १८९३ सालचं, आणि या काकूंचा रुबाब असा की पहिली पावती यांच्याच नावाची फाडली असावी. वर्गणी 'एक पुस्तक, एक मासिक' अशी. मासिक काकांसाठी, तेही काकूंचं वाचून झाल्यावर.

पात्र ही गोष्ट त्यांना मान्यच नाही. त्यांच्या लेखी नायिका म्हणजे कुणाची तरी सून, आणि नायक म्हणजे ज्याची आई कुठे असते हे लेखकाने लपवून ठेवलंय असा इसम.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) त्यांनी नेली तेव्हा मी धास्तावलो होतो. भाऊ आणि बहीण, दोघंही घरात ठेवलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. काकू आता लायब्ररी बंद करायला लावणार, असं वाटलं. पण भावाच्या प्रेमाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, बहिणीच्याही नाही. राग निघाला तो आईवडिलांवर.

"अरे, त्या मुलाचं नाव अख्ख्या पुस्तकात नाही! लेखक सांगत नाही, वाचकाला कळत नाही. नाव नसलेल्या माणसाला वरची खोली देतात का कुणी? आधार कार्ड तरी बघायचं!"

तेव्हा आधार कार्ड नव्हतं, हे मी सांगून पाहिलं.

"मग रेशन कार्ड बघायचं."

मिलिंद बोकिलांच्या 'समुद्र'मध्ये नवरा-बायको समुद्रकिनारी राहायला जातात आणि त्यांचं आजवर न बोललेलं सगळं तिथे निघतं. ती वाचून काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढं बोलायला एवढ्या लांब जायचं?" आणि काकांकडे पाहिलं. काका पेपरमागून "हं" म्हणाले. हे 'हं' गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि त्याचे अर्थ फक्त काकूंनाच लागतात.

गौरी देशपांड्यांवर त्यांचं प्रेम आहे, पण भांडून केलेलं. 'एकेक पान गळावया' १९८० सालचं. काकूंचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. मैत्रिणीकडून पुस्तक आणून, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी ते वाचलं. तेव्हापासूनची तक्रार अजून ताजी आहे. "तिच्या बायका घर सोडतात, देश सोडतात, आणि नवरे काय करतात? समजून घेतात! एवढा शहाणा नवरा मिळाल्यावर मी कशाला कुठे गेले असते?" मग जरा थांबून, "तशी मी कुठे गेलेही नाही म्हणा."

मेघना पेठ्यांची 'नातिचरामि' त्यांनी नावावर भुलून आणली. लग्नातली शपथ आहे, भाचीच्या केळवणाला द्यायला बरी, आधी आपण चाळून बघू, असा हिशेब. थोडी पानं झाली आणि भाचीला स्टीलचे डबे द्यायचं ठरलं. पुस्तक मात्र मुदत उलटून दंड चढेपर्यंत काकूंच्या उशाशी होतं. आवडलं नाही तर परत का केलं नाही, असं मी विचारलं. "आवडलं नाही असं कोण म्हणालं? भाचीला द्यायचं नाही, एवढंच म्हटलं मी."

त्यांचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे, आणि तो ऐकल्यापासून मी परीक्षणं वाचायची कमी केली आहेत. तो असा, की हल्लीच्या नात्यांवरच्या कादंबऱ्यांत माणसंच नसतात. "हरिभाऊ आपट्यांची यमू बघ. माहेर, सासर, वर तो शंकरमामंजी! घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तर तिचा जीव गुदमरतो. आताची ही बाई टू बीएचकेत एकटी, खिडकीपाशी, हातात कॉफी. एक ती, एक तो, एक कॉलेजमधला जुना मित्र. कामवाली दांडी मारत नाही, गॅस संपत नाही, सासऱ्यांची शुगर वाढत नाही. मग 'नाती, नाती' म्हणून एवढी कोणाशी झुंजते ही?" यमूची ही कादंबरी, 'पण लक्षात कोण घेतो', १८९०च्या दशकात 'करमणूक'मधून क्रमशः येत होती, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांत मराठी कादंबरीतलं घर केवढं रिकामं झालं, हे काकूंनी दोन वाक्यांत सांगितलं. ('कुटुंबसंस्थेचे विघटन' यावर मी एक अख्खं चर्चासत्र बसून ऐकलं आहे. तिथे कामवालीचा उल्लेख नव्हता.)

पैकीच्या पैकी गुण मिळालेत ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ला. दोन जाडजूड खंड, पिढ्यांमागून पिढ्या. काकूंनी एका लग्नपत्रिकेच्या मागे खोतांची वंशावळ काढली, मेलेल्यांवर फुली मारली आणि शेवटी जमीन कोणाकडे गेली ते खाली लिहून ठेवलं. तलाठ्याला दाखवता येईल इतकी नीट वंशावळ ती.

पण त्यांची खरी समीक्षा असते समासात. 'पुस्तकावर काहीही लिहू नये' असा शिक्का लायब्ररीच्या प्रत्येक पुस्तकावर असतो. काकू त्या शिक्क्यानंतर लगेच सुरुवात करतात. 'हिने नोकरी सोडायला नको होती.' 'मुलगा कोणाकडे ठेवला?' पुढे बऱ्याच पानांनी, 'अजून सांगितलेलं नाही.' एका कादंबरीत लेखक नायिकेच्या आजारी आईला दुसऱ्या प्रकरणात हॉस्पिटलात ठेवून विसरूनच गेला. तिथून पुढे दर प्रकरणाच्या शेवटी पेन्सिलीने, 'आईचं काय झालं?' ती कादंबरी मी केवळ या प्रश्नापायी शेवटपर्यंत वाचली. लेखकाला आठवलं नाही ते नाहीच.

मध्यंतरी एक नवी कादंबरी आली. नोकरी करणारी सून, आणि पोळीचा घेर किती असावा हे उभं राहून सांगणारी सासू. काकूंनी जिन्यातच निकाल दिला, "भडक आहे. उगाच रंगवलीय." पुस्तक पुढे माझ्याकडे आलं. अपेक्षित पानावर अपेक्षित पेन्सिल होती, 'अशा सासवा आता कुठे उरल्यात?'

त्याखाली निळ्या बॉलपेनने एकच शब्द, 'घरोघरी.'

हे अक्षर मी ओळखतो. सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या पाणी उशिरा येईल' हे त्याच अक्षरात असतं. काकूंची सून सोसायटीची चिटणीस आहे.

आणि त्याच्याही खाली, ताजं टोक केलेल्या पेन्सिलीने, 'वाचक सुजाण दिसते. पुढचं पुस्तक तिने स्वतः जाऊन बदलून आणावं. पेनाने लिहू नये.'